सशिणीची जुनी खिडकी

एका माळरानावर एक हौशी सशीण आपल्या तीन पिल्लांसह राहत असे. बाळांनो, तिच्या बिळाला एक जादा खिडकी होती. घरबसल्या मोराचा नाच दिसावा म्हणून साळिंदराने ती खोदून वर काट्यांची जाळी बसवून दिली होती. वाळवी जाळी खाई, म्हणून साळिंदर दर पंधरवड्याला येऊन नवे काटे खोचून जाई. माळावरच्या साऱ्या बिळांना त्याने अशाच खिडक्या केल्या होत्या.

पुढे साळिंदर थकलं. दारोदार फिरून त्याने सांगितलं, "आता माझ्याने दुरुस्ती होणार नाही, आणि माझ्या जागी दुसरं कुणी येणारही नाही. खिडक्या बुजवून टाका. मोर हल्ली दारासमोरच नाचतो, मग खिडकी हवी कशाला?" सगळ्यांनी बुजवल्या. सशीण मात्र म्हणाली, "इतकी वर्षं काही झालं नाही, काका. आता काय व्हायचंय?" साळिंदराने एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा तर स्वतः माती आणून दारात टाकली. हिने त्या मातीत पिल्लांना खेळायला सोडलं! पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय? साळिंदराने कपाळाला हात लावला.

एका सकाळी खिडकीशी रानबोका आला. "ताई, साळिंदरकाकांनी पाठवलंय. नवी जाळी बसवतो, जुनी तेवढी आतून काढा." कुणी येणार नाही, हे घसा कोरडा करून सांगितलेलं, पण नव्या जाळीचं नाव ऐकताच बाई खूश! तिने आपल्याच हातांनी जाळी काढली. बोक्याने आत उडी मारली आणि धाकट्या पिल्लाचा कान धरला.

किंकाळी ऐकून साळिंदर "शंभरदा सांगितलं होतं, शंभरदा!" असं ओरडत धावलं. पाठमोरं होऊन त्याने बोक्याच्या नाकात काटे रुतवले. बोका पळाला. पिल्लू वाचलं, पण त्याचा अर्धा कान गेला. शिवाय बोक्याने आता घर पाहिलं होतं, त्यामुळे सशिणीला त्याच दिवशी बीळ सोडावं लागलं. दारासमोर मोर नाचत होता; तिने तिकडे मान वर करूनही पाहिलं नाही. पिल्लाचा कान चाटत ती रडू लागली. "चल, नवं बीळ खणू," साळिंदर म्हणालं. "पण पुन्हा खिडकी मागितलीस, तर याद राख!"

तात्पर्य : करणाऱ्यानेच जिच्यावरचा हात काढून घेतला, ती खिडकी बिळाची असो की संगणकातल्या जुन्या प्रोग्रॅमची, वेळीच बुजवावी. 'आजवर काही झालं नाही' ही कडी कुठल्याच दाराला लागत नाही.