भट्टीचा मीटर

कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत भट्टीचं तापमान तासातासाला वहीत लिहायची पद्धत होती. तपासनीस मालनताईंचं एकच म्हणणं, "वही भट्टीपाशी ठेवा. ऑफिसात बसून माणसं अंदाजानं आकडे भरतात."

मॅनेजर घोरपडे भडकले. मालकांसमोर वही आपटून म्हणाले, "कालचा एक रकाना रिकामा नाही! खोटा आकडा दाखवा, नाहीतर राजीनामा द्या."

मालनताईंनी वही चाळली. "आकडे सुरेख आहेत, साहेब. अक्षरही छान." मग पिशवीतून मीटर काढून टेबलावर ठेवला. "भट्टीला हा एकच मीटर. काल सकाळी बंद पडला, म्हणून मी काढून नेला. अजून कुणी मागायलाच आलं नाही."

मालकांना हसू आवरेना. दुपारी वही भट्टीपाशी आली. तिला दोरी बांधली ती खुद्द घोरपड्यांनी.