दोन अक्षरांचं भांडण

कोल्हापुरातल्या एका इंग्रजी साप्ताहिकात सुनंदा चौगुले शब्दकोडं रचायच्या. एकदा त्यांनी विचारलं, ‘दार वाजवणाऱ्याला कोण म्हणून विचारलं, तर तो काय सांगतो? इट इज... पुढे दोन अक्षरं.’ उत्तर होतं ‘मी’, म्हणजे एम आणि ई.

निवृत्त प्राचार्य अच्युतराव टेंबे खवळले आणि त्यांनी संपादकांना पत्र धाडलं. "व्याकरणाचा खून! शुद्ध रूप ‘इट इज आय’. सुशिक्षित माणूस मेला तरी ‘इट इज मी’ म्हणणार नाही. या बाईंचं कोडं बंद करा!"

टेंबेसर पडले मालकांचे गुरू. संपादकांची पाचावर धारण बसली आणि त्यांनी दोघांना समोरासमोर बोलावलं.

सुनंदाबाई आधी पोचल्या आणि त्यांनी केबिनला सरळ आतून कडी घातली. संपादक "अहो, हे काय?" म्हणेपर्यंत दारावर थाप पडली.

"हू इज इट?" बाईंनी विचारलं.

"इट इज आय!" बाहेरून ठसक्यात उत्तर आलं.

"कुणाची आय?" बाईंनी अस्सल कोल्हापुरी हेल काढला.

बाहेर बसलेली माणसं खिदळली.

"कुणाची नव्हे! आय! आय!"

"आय आली असंल तर तिला बाकावर बसवा की. तुम्ही कोण?"

"अहो, आय नाही! मी! इट इज मी!" सर किंचाळले.

बाईंनी कडी काढली.

"या सर. आत्ता कसं, सुशिक्षित माणूस आल्यासारखं वाटलं!"

सर चहा पिऊन गेले. कोड्याचा विषय काही त्यांनी काढला नाही.