मिटकीचा पांढरा फळा

पाण्याचा मोठा रांजण. रांजणाखाली बीळ. बिळात मिटकी उंदरीण आणि तिचे बाबा.

आई वारली होती. ती आता परत येणार नाही, असं बाबांनी मिटकीला सांगितलं होतं.

आईचं एक चित्र तेवढं होतं. मिटकी ते भिंतीला चिकटवी. भिंत ओली. चित्र खाली पडे. आज ते चिखलात पडलं, पचक. खालचा कागद फाटून गेला. कान राहिले, डोळे राहिले. पोट गेलं, पाय गेले, शेपूट गेली.

मिटकीकडे चिमुकलं लोहचुंबक होतं. पण मातीच्या भिंतीला ते चिकटेना. मिटकीने उरलेला कागद वाळवला. मग ती निघाली, तुरु तुरु, तुरु तुरु.

सुतारपक्षी लाकूड तासत होता, ठक ठक.

“सुतारदादा, सुतारदादा, फळा कर.
फळा नाही तर आईचं चित्र नाही.”

सुतारदादा म्हणाला, नुसत्या लाकडाला चुंबक धरत नाही. वर पत्रा हवा. तांबटाने पत्रा दिला, तर फळा करीन.

मिटकी निघाली, तुरु तुरु, तुरु तुरु.

तांबट पक्षी वडावर बसला होता, टुक टुक.

“तांबटदादा, तांबटदादा, पत्रा ठोक.
पत्रा नाही तर फळा नाही.
फळा नाही तर आईचं चित्र नाही.”

तांबट म्हणाला, ठोकू कशाचा? कावळ्याने लोखंडी डब्याचं झाकण दिलं, तर पत्रा ठोकीन.

मिटकी निघाली, तुरु तुरु, तुरु तुरु.

कावळ्याकडे एक झाकण होतं. पांढरं, गुळगुळीत.

“कावळेकाका, कावळेकाका, झाकण द्या.
झाकण नाही तर पत्रा नाही.
पत्रा नाही तर फळा नाही.
फळा नाही तर आईचं चित्र नाही.”

कावळा म्हणाला, माझ्या पिल्लांना घरट्यातल्या काटक्या टोचतात. सावरीच्या झाडाने कापूस दिला, तर झाकण देईन.

मिटकी निघाली, तुरु तुरु. पाय दुखत होते.

“सावरीबाई, सावरीबाई, कापूस द्या.
कापूस नाही तर झाकण नाही.
झाकण नाही तर पत्रा नाही.
पत्रा नाही तर फळा नाही.
फळा नाही तर आईचं चित्र नाही.”

सावर म्हणाली, माझी बोंडं मिटलेली आहेत. वारा आला, तर कापूस देईन.

वारा बांबूच्या बेटात निजला होता. मिटकी हळूच म्हणाली,

“वारेबुवा, वारेबुवा, उठा.
वारा नाही तर कापूस नाही.
कापूस नाही तर झाकण नाही.
झाकण नाही तर पत्रा नाही.
पत्रा नाही तर फळा नाही.
फळा नाही तर आईचं चित्र नाही.”

वाऱ्याने विचारलं, “चित्र कशाला? आई कुठे आहे?”

“आई नाही,” मिटकी म्हणाली.

वाऱ्याने काहीच मागितलं नाही. तो उठला.

वारा सुटला, सूं सूं.
बोंडं फुटली, फट फट.
सावरीने कापूस दिला.
कावळ्याने झाकण दिलं.
तांबटाने पत्रा ठोकला, टुक टुक.
सुतारदादाने फळीवर पत्रा बसवला, ठक ठक. चारी बाजूंनी लाकडाची चौकट मारली.
फळा झाला.

मिटकीने तो ओढत घरी आणला, सर्र सर्र. बाबांनी भिंतीला टेकवून उभा केला. मिटकीने कागद ठेवला. वर चुंबक लावलं, टक. कागद पडला नाही.

कान होते. डोळे होते. खाली नुसता पांढरा फळा.

मिटकीने चुलीच्या काजळीत बोट बुडवलं. पांढऱ्यावर पोट काढलं. पाय काढले. मग ती थांबली.

“बाबा, शेपूट कशी होती? मला आठवत नाही.”

बाबा मिटकीजवळ येऊन बसले. मग त्यांनीही काजळीत बोट बुडवलं.

“टोकाला जराशी वाकडी होती,” बाबा म्हणाले. आणि त्यांनी सावकाश शेपूट काढली.

मिटकी बाबांच्या कुशीत शिरली. दोघं आईकडे बघत बसले.