पुरसो आजोचा जुना गुन्हा

आमच्या शेजारच्या सुलक्षाला परदेशात नर्सची नोकरी मिळत होती, पण त्यासाठी पोर्तुगीज पासपोर्ट हवा होता. बाप अंथरुणात, कमावणारं दुसरं कोण नाय. नियम असा, की तिचा पुरसो आजो गोव्यात पोर्तुगीज अमलात जन्मला म्हणून आधी त्याचा जन्म लिस्बनला नोंदवायचा, मग बापाचा, मग हिचा. आणि गावच्या वहीतलं आजोच्या जन्माचं पानच वाळवीनं खाल्लेलं!

पणजीच्या पोर्तुगीज कचेरीतला टायवाला साहेब ढेरीवर हात ठेवून म्हणाला, “पान नाय तर पुरावा नाय. तुम्ही आमचे नागरिक होता कशावरून?”

पुरसो आजोनं पिशवीतून पिवळा पडलेला कागद काढला. पोर्तुगीज कोर्टानं दिलेली शिक्षा होती ती. तिरंगा लावला म्हणून तीन वर्षं तुरुंग.

“वाचा सायबा. माझं नाव, बापाचं नाव, जन्मगाव, सगळं आहे. गुन्हा काय, तर पोर्तुगीज असून आपल्याच देशाशी गद्दारी. आता मी तुमचा नव्हतोच म्हणता, तर माझी तीन वर्षं परत द्या. पाडलेले दात पण द्या.”

साहेबानं अर्जावर शिक्का मारला.

बाहेर सुलक्षा रडत पाया पडली. आजो म्हणाला, “जा बाय, सुखानं जा. तो पासपोर्ट तेवढा मला दाखवू नको.”