मातीखालचे अभ्रे

सांगून सांगून तोंड दुखलं, तरी पुन्हा मलाच बसवता. बरं. मध्येच उठायचं नाही.

“मग तुझं सगळ्यात चांगलं काम आहे तरी कुठं, आजी?”

हे तेरांगीनं विचारलं. आमच्या बेटावर भरतकाम शिकावं ते तुताई आजीकडून. तेरांगी तिची शिष्या. आठ महिने खपून पोरीनं एक उशीचा अभ्रा भरला होता. नीरफणसाची पानं, एकासारखं दुसरं नाही. संध्याकाळच्या बोटीनं तो मोठ्या बेटावर प्रदर्शनाला निघाला होता. आणि गुरूच्या घरात? साध्या चादरी.

म्हातारी अंगणात आली. आमच्याकडं कबरी दारासमोरच असतात. तिनं काठी टेकवली.

“इथं. आईच्या डोक्याखाली. लाल जास्वंद.”

काठी सरकली.

“इथं नवरा. त्याला मोठाले मासे भरून दिले. जिवंतपणी एक गावला नाही त्याला.”

काठी सरकतच राहिली…

तेरांगी बघत होती. वर नुसती पांढरी वाळू. खाली एवढा रंग. पाय कुठं ठेवावा कळेना तिला.

त्याच दुपारी अकेवाई गेली. माझी बायको. आजी आणि तेरांगी, दोघी माझ्या घरी आल्या. तेरांगीच्या काखेत अभ्रा, इथूनच बोटीवर जायचं म्हणून.

“हिचा मातीत न्यायचा अभ्रा कुठंय?” तेरांगीनं विचारलं.

“शेजारीण बुडाली, तेव्हा तिला देऊन टाकला हिनं,” आजी म्हणाली.

मग तिनं बिनअभ्र्याची उशी अकेवाईच्या डोक्याखाली सरकवली. शिवणीतून कापूस दिसत होता. मागितलं काही नाही. बसून राहिली…

“मासे चिरणारीला हा अभ्रा?” तेरांगी पुटपुटली.

मी ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं.



बोटीचा भोंगा वाजला. तेरांगी उठली, दारापर्यंत गेली. उंबऱ्यावर थांबली. समोर माझ्या अंगणातली वाळू…

परत आली. अकेवाईचं डोकं तिनं स्वतःच्या हातांनी उचललं, उशीला अभ्रा चढवला, डोकं अलगद टेकवलं. कानाशी एक पान दुमडलं होतं, तेही सरळ केलं.

“आता हे बघणार कोण, आजी?”

आजीनं अकेवाईच्या पापण्यांवरून बोट फिरवलं.

“डोळे मिटलेत हिचे. आता नीट दिसेल.”

अभ्रा दिला, ते कबूल. पण त्या बोलण्याची माफी अजून यायचीय. तेरांगीकडून.