कमानीखालचं जेवण

फार पूर्वीची गोष्ट आहे, पूल दगडाचे आणि प्रवास पायाचा असायचा तेव्हाची. एका नदीच्या वळणावर एक शिल्पशाळा होती. लांबलांबून पोरं तिथे कमान बांधायला शिकायला येत. शिक्षण किती वर्षांचं ते काही ठरलेलं नव्हतं. ज्याची कमान उभी राहिली तो शिकला, ज्याची पडली तो अजून शिकतोय, असा सरळ मामला होता.

परीक्षेची रीत मात्र जगावेगळी होती. विद्यार्थ्याने लाकडी सांगाड्यावर कमान रचायची. चुना वाळला की सगळ्यांच्या देखत सांगाड्याखालच्या पाचरी लांबून दोराने ओढायच्या, सांगाडा बाजूला घ्यायचा, आणि मग शाळेचे म्हातारे आचार्य त्या कमानीखाली पाट मांडून जेवायला बसायचे. त्या दिवशी पुरणपोळी असे. आचार्यांना जेवायची घाई नसायची. ते पोळीवर तूप वाढून घेत, ताक मागत, मधेच कोणाच्या तरी गावची ख्यालीखुशाली विचारत. ते हात धुवायला उठले की विद्यार्थी उत्तीर्ण. तुम्हाआम्हाला हसू येईल, पण त्या शाळेतून बाहेर पडलेल्या कोणाचा पूल कोसळल्याचं कधी कानावर आलं नव्हतं.

आणखी एक रीत होती. ज्याची कमान पडे, त्याची चारचौघांत शोभा नको म्हणून दुसऱ्याच दिवशी शाळेच्या बैलगाड्या येत. पडलेले दगड उचलून दूर टाकत, जागा झाडून स्वच्छ करत. पुढच्या वर्षी नवी जागा, नवे दगड. झाल्या गोष्टीचा विषय कोणी काढत नसे. हा शाळेचा मोठेपणा आहे असं सगळे मानत.

या शाळेत रखमाजी नावाचा एक विद्यार्थी होता. त्याचं गाव एका खोल ओढ्यापलीकडे होतं. पावसाळ्यात ओढा फुगला की गाव जगापासून तुटायचं. अशाच एका पावसाळ्यात त्याच्या थोरल्या बहिणीला कळा सुरू झाल्या. सुईण पलीकडच्या काठावर पोचली आणि तिथेच अडकली. ती काठावरून ओरडून सांगत राहिली आणि इकडच्या बायका जमेल तसं करत राहिल्या. बहीण वाचली, बाळ गेलं. पुढे गावाने ठरवलं, पोरांमधल्या हुशार पोराला पूल बांधायला शिकवून आणायचं. रखमाजी निघाला तेव्हा बहिणीने त्याच्या हातावर दही घातलं आणि लवकर ये एवढंच म्हणाली.

रखमाजी खरोखरच हुशार होता, आणि ते त्याला ठाऊकही होतं. आचार्य एक वाक्य सगळ्यांकडून घोकून घेत: कमान खाली दाबत नाही, बाजूला ढकलते. रखमाजी ते वाक्य सगळ्यांत आधी पाठ करून बसला होता आणि नव्या पोरांना ऐटीत समजावूनही सांगायचा. दगड घडवावा तर त्यानेच. दोन दगडांच्या सांध्यात नख शिरायचं नाही. परीक्षेच्या कमानीला त्याने माथ्याच्या दगडावर कमळ कोरलं होतं, आणि पाकळ्या इतक्या नाजूक, की शाळेतले सगळे ते बघायला येऊन गेले.

परीक्षेचा दिवस उजाडला. दोर ओढला, पाचरी निघाल्या, सांगाडा बाजूला झाला. कमान उभी राहिली. वाहवा झाली. स्वयंपाक्याने पाट मांडला, पत्रावळ वाढली, आचार्य काठी टेकत निघाले. ते दहा-पंधरा पावलांवर असताना कमानीतून कुरकुर ऐकू आली, आणि बघता बघता पाट, पत्रावळ, पुरणपोळी सगळं दगडांखाली गेलं.

धूळ बसल्यावर आचार्यांनी त्याला विचारलं, कशाने पडली? रखमाजीचं तोंड एवढंसं झालं होतं, पण उत्तर तयार होतं. चुना ओला राहिला, भट्टीवाल्याने नीट भाजलाच नव्हता. आचार्य बरं म्हणाले आणि दुसरं पान वाढायला सांगून निघून गेले. सकाळी गाड्या आल्या, दगड गेले, जागा साफ झाली. रखमाजीला हायसं वाटलं. घरी त्याने निरोप धाडला की यंदा चुना खराब लागला, पुढच्या वर्षी येतो.

पुढच्या वर्षी त्याने चुना स्वतःच्या नजरेखाली भाजून घेतला. दगड आणखी निगुतीने घडवले. कमळाला दोन पाकळ्या वाढवल्या. परीक्षेच्या दिवशी सांगाडा निघाला आणि कमान पडली. या खेपेला तर आचार्य जागचे उठलेही नव्हते.

कोणी हसलं नाही, आणि तेच रखमाजीला जास्त लागलं. तो खोलीत जाऊन बसला. मधल्या पावसाळ्यात गाव पुन्हा तुटलं होतं. आता बहिणीला काय कळवायचं, ते त्याला सुचेना. मनातून त्याला रडू येत होतं, पण डोळ्यांतून काही आलं नाही. संध्याकाळी आचार्यांनी बोलावून घेतलं आणि तेच विचारलं.

"कशाने पडली?"

वारा फार होता, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण वारा नव्हताच, आणि समोरच्या म्हाताऱ्याने सगळं बसल्या जागेवरून पाहिलं होतं.

"ठाऊक नाही," तो म्हणाला.

"सकाळी गाड्या येतील. जे ठाऊक नाही, तेही दगडांबरोबर भरून नेतील."

रखमाजी म्हणाला, "गाड्या पाठवू नका."

अशी मागणी शाळेत आजवर कोणी केली नव्हती. ती मान्य होणं सोपं होतं, निभावणं अवघड. ढिगारा होता शाळेच्या वाटेवरच. पाण्याला जाणाऱ्या बाया तिथून जात, बाजाराला जाणारे तिथून जात, आणि त्याच दिवसांत नवी पोरं आईबापांबरोबर शाळा बघायला येत. त्यांच्यासमोर रखमाजी एकटा, धुळीने माखलेला, एकेक दगड उचलून बाजूला लावत बसायचा. येणारेजाणारे विचारत, हे काय रे? तो सांगायचा, माझी कमान पडली. पहिल्या दिवशी हे तीन शब्द बोलताना त्याचे कान तापले. पुढे पुढे सवय झाली. बरोबरीची पोरंही थट्टेला आली. पुरणपोळी सापडली का रे, असं लांबून विचारत आणि पळत.

जो दगड शेवटी पडला तो आधी उचलायचा, असा क्रम त्याने धरला होता. कुठला दगड कुठे पडला, कुठे घासला, हे तो बघत गेला आणि गोंधळत गेला. कारण दगड सगळे धड होते. सांधे नीट होते. चुना पक्का होता. कमळाची एक पाकळी उडाली होती, बाकी माथ्याचा दगडही शाबूत होता. ज्या ज्या गोष्टीवर त्याने जीव टाकला होता, त्यांत काही खोट नव्हती. मग पडलं काय?

सगळे दगड हलले तेव्हा खाली कमानीचे दोन खांदे उघडे पडले. खांदा म्हणजे कमानीच्या दोन्ही अंगांचं भक्कम बांधकाम, जे तिला बाजूने धरून ठेवतं. ते पुढे मातीत बुजतं, कोणाच्या नजरेला पडत नाही. उजवा खांदा जागेवर होता. डावा वीतभर बाहेर सरकला होता. रखमाजीने त्याचे दोन दगड काढले आणि आत हात घातला. आत नुसती खडी आणि माती होती.

त्याला सगळं आठवलं. कमळ कोरायला वेळ हवा होता, म्हणून डावा खांदा त्याने बाहेरून दगड लावून आत भरती टाकून उरकला होता. दोन्ही वर्षी. कोण बघणार आहे, असंच तेव्हा वाटलं होतं. कमान बाजूला ढकलते, हे वाक्य तो इतकी वर्षं म्हणत होता, आणि ढकलते ती कोणाला, हे त्याने एकदाही मनाशी विचारलं नव्हतं. तो तिथेच मातीत बसला. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि जरा वेळाने बरंही वाटलं. मग तो आचार्यांकडे गेला. त्यांनी विचारायच्या आधीच तो बोलला.

"डावा खांदा पोकळ होता. मीच ठेवला होता."

आचार्यांनी मान हलवली. पुढच्या वर्षी रखमाजीने कमानीसाठी नवे दगड घेतले नाहीत. डावा खांदा तळापासून सबंध दगडांत बांधला, त्यावर तीच पडलेली कमान पुन्हा रचली, पाकळी उडालेल्या कमळासकट. परीक्षेच्या दिवशी आचार्य तिच्याखाली बसले आणि पोटभर जेवले. ताक दोनदा मागून घेतलं. त्यानंतर त्या शाळेत गाड्या जुंपणं बंद झालं. ज्याची कमान पडे, तो स्वतःच ढिगारा उचलू लागला.

रखमाजी गावी परतला. उन्हाळ्यात ओढा आटला, तेव्हा त्याने पूल बांधायला घेतला. खांद्यांचं काम चालू असताना गावकरी वैतागले, की हा मातीत बुजणाऱ्या दगडांवरच एवढा वेळ का घालवतोय. तो आपलं काम करत राहिला. पूल झाला, आणि सांगाडा निघायच्या दिवशी सगळं गाव काठावर गोळा झालं. सांगाडा निघाला. शाळेतली रीत त्याने सगळ्यांना सांगितली होती, पण कमानीखाली जेवायला बसायला कोणी पुढे होईना. गावात आचार्य कुठले असायला?

तेव्हा त्याची थोरली बहीण पाट घेऊन कोरड्या ओढ्यात उतरली. कमानीखाली थांबून तिने वर पाहिलं.

"पडणार नाही ना रे?"

नाही, अजिबात नाही, असं पूर्वीचा रखमाजी छातीठोकपणे म्हणाला असता. आताचा म्हणाला, "माझ्या हातची दोनदा पडली आहे, ताई. कशाने पडते ते मी बघितलंय."

बहिणीने पाट मांडला आणि भावाला म्हणाली, वाढ.

तात्पर्य: पडलेलं घाईने झाकून टाकलं की आपण का पडलो हेही त्याखाली झाकलं जातं, ते जो स्वतःच्या हातांनी उपसतो, त्याच्या कमानीखाली माणसं निर्धास्त जेवायला बसतात.