सावलीच्या वाटेचा वसा

एका शहरात अनसूयाबाई नावाची एक गृहिणी राहत होती. नेमधर्माची, देवभोळी म्हणा हवं तर, पण मनाची पक्की. व्रतं तिने आयुष्यात पुष्कळ केली. पण एकदा ती एक नवस बोलली होती, तसा नवस दुसरं कुणी बोलल्याचं ऐकिवात नाही. त्याचीच ही गोष्ट.

झालं असं, की तिच्या यजमानांना, अप्पांना, अर्धांगाचा झटका आला. औषधपाण्याने हातापायात बळ आलं, पण मनातलं बळ काही परत येईना. डॉक्टर म्हणत, "चाला." अप्पा म्हणत, "चालून आता जायचंय कुठे?" आणि खिडकीकडे पाठ करून बसत.

त्या खिडकीबाहेरच एक वाट होती. पूर्वी तिथून कालवा वाहायचा. तो बुजवून वर फरशी घातली होती. दोन्ही अंगांनी करंज, शिरीष आणि कडुनिंब असे दाटले होते, की भर दुपारीही ती फरशी पायाला गार लागे. शहरातल्या सगळ्या रस्त्यांवर गाड्यांची झुंबड. या एका वाटेवर तेवढी माणसं आणि त्यांची कुत्री सुखाने चालत. लोक तिला सावलीची वाट म्हणत.

अनसूयाबाईंनी देवापुढे पदर पसरला. म्हणाल्या, "देवा, माझा माणूस त्या सावलीत पुन्हा आपल्या पायांनी चालू दे. मी ती वाट देवघरासारखी राखीन."

देव कुणाच्या रूपाने हाक ऐकेल, सांगता येत नाही. काही दिवसांनी करंजाच्या बुंध्याशी कुणीतरी एक पिल्लू सोडून गेलं. पिवळट रंग, अंगभर केशरी ठिपके. अप्पांची मान कशी कोण जाणे खिडकीकडे वळली. ते म्हणाले, "बुंदीचा लाडू सांडल्यासारखं दिसतंय." आजारपणानंतर त्यांनी केलेली ही पहिली थट्टा. अनसूयाबाई पायात चपलाही न घालता गेल्या आणि पिल्लू ओच्यात घालून घेऊन आल्या. त्याचं नाव अर्थातच बुंदी पडलं.

बुंदी वाढली, तशी तिला फिरवायला न्यायची वेळ आली. अनसूयाबाई मुद्दामच म्हणायच्या, "मला बाई तिचा पट्टा आवरत नाही." अप्पा कुरकुरत उठायचे. जो माणूस स्वतःसाठी उंबरा ओलांडत नव्हता, तो कुत्रीसाठी ओलांडू लागला. आधी फाटकापर्यंत, मग पहिल्या बाकापर्यंत, आणि एक दिवस एका हातात काठी, एका हातात पट्टा असे थेट वाटेच्या टोकाच्या पिंपळापर्यंत जाऊन आले. घरी येऊन म्हणाले, "तुझी बुंदी फार ओढते." पण चेहरा उजळला होता.

नवस पुरा झाला होता. आता फेडायचा होता.

अनसूयाबाईंनी विचार केला, देवघर राखायचं म्हणजे काय करायचं? आधी केर काढायचा, मग फूल वाहायचं. वाटेवर फुलं तर झाडंच वाहत होती. केर तेवढा उरला होता, आणि तो कुत्र्यांचा होता. तेव्हा रोज उजाडताना, वाटेवर कुणी यायच्या आत, त्या खराटा, सुपली आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊन निघायच्या. कुठल्या कुत्र्याची घाण, कुणाची, हे पाहायचं नाही. दिसेल ती उचलायची, कागदात बांधायची, कचऱ्याच्या डब्यात टाकायची. मग घरी येऊन पुन्हा आंघोळ, आणि मग पूजा.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. अप्पांनाही नाही. सासूबाई नेहमी म्हणत, "केलेल्या व्रताची वाच्यता करू नये, पुण्य आटतं." ते वाक्य अनसूयाबाईंनी गाठीला बांधलं होतं. वाट लखलखीत झाली. लोक वाखाणू लागले, आणि अनसूयाबाई मनातल्या मनात हसत.

पण गुपचूप केलेल्या पुण्याचंही कधी कधी भलतंच होतं.

त्या भागातल्या नागरिक मंडळाचे अध्यक्ष होते दबीर. त्यांनी वाटेच्या तोंडाशी 'स्वच्छता राखा' अशी पाटी लावली होती. ते सगळ्यांना सांगत, "बघा, पाटीचा केवढा परिणाम." अप्पांना वाटे, झाडूवाले येत असतील. आणि कुत्रीवाल्यांना वाटू लागलं, की ही वाट आपली आपणच स्वच्छ होते.

विशाखा नावाची एक नोकरदार मुलगी होती. तिच्याकडे ब्रूनो नावाचा वासराएवढा कुत्रा होता. ती पूर्वी पर्समध्ये आठवणीने कागद ठेवायची. आता ठेवीनाशी झाली. अप्पांनी एकदा हटकलं, तर म्हणाली, "काका, सकाळी सगळं साफ असतंच की. आणि बुंदीचं तरी तुम्ही कुठे उचलता?"

अप्पा बुंदीला घेऊन पुढे चालू लागले. वाकायची त्यांना भीती वाटे. खाली वाकलो तर पुन्हा उठता येईल की नाही, ही भीती. ती त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. त्या घरात दोघांचीही एकेक गोष्ट झाकलेली होती.

दिवसेंदिवस घाण वाढत गेली. अनसूयाबाई कागद वाढवत गेल्या.

मग श्रावण आला. ऊन-पावसात भिजून अनसूयाबाईंना ताप भरला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. तेवढ्या दिवसांत वाटेची अशी दशा झाली, की चालणाऱ्याने नाकाला रुमाल लावावा. आणि नेमके त्याच वेळी दबीर, पांढराशुभ्र झब्बा घालून, कुठल्याशा सत्काराला निघाले होते. पाटीच्या पुढ्यातच त्यांचा पाय घसरला. झब्ब्याचं काय झालं ते सांगायला नको. सत्कार राहिला बाजूला.

दुसऱ्या दिवशी मंडळाने ठरवलं, की रविवारपासून या वाटेवर कुत्र्यांना बंदी.

बातमी घरी आली. अप्पांनी बुंदीचा पट्टा खुंटीला अडकवला. म्हणाले, "बरंच झालं. गाड्यांच्या रस्त्यावर तिला न्यायचा मला धीर नाही. फिरणं पुरे झालं माझं." आणि खुर्ची ओढून पुन्हा खिडकीकडे पाठ करून बसले.

अनसूयाबाईंचं काळीज हललं. मुंगीच्या पावलाने गेलेलं दुखणं हत्तीच्या पावलाने परत येताना त्यांना दिसलं. नवस तर आपण चुकवला नाही, मग देव का उलटला?

शुक्रवार होता. ताप उतरला होता. त्यांनी पूजा केली आणि नेहमीप्रमाणे कहाणी वाचायला घेतली. ऐकायला अप्पा आणि बुंदी. कहाणीतली गरीब बाई नदीवर जाते. तिथे बायका वसा वसत असतात. ती विचारते, "बायांनो, हा कसला वसा?" आणि त्या तिला सांगतात.

अनसूयाबाई वाचता वाचता थांबल्या. पानावर बोट तसंच राहिलं.

अप्पा म्हणाले, "काय गं? चष्मा देऊ का?"

"चष्मा नको. लहानपणापासून वाचतेय, आणि आज दिसलं," त्या म्हणाल्या. "यात कुणी वसा लपवत नाही हो. विचारलं, की सांगतात. त्या बायका गप्प बसल्या असत्या, तर ही बिचारी गरीबच राहिली असती."

अप्पांना काही उलगडलं नाही. बुंदीने मात्र शेपटी हलवली. आता नैवेद्याचं दूध मिळेल, एवढंच तिला कळलं होतं.

रविवारी अनसूयाबाई उजाडताना निघाल्या नाहीत. त्यांनी न्हाऊन वेणी घातली, ठेवणीतली जरीकाठी साडी नेसली, ठसठशीत कुंकू लावलं. मग एका हातात खराटा आणि सुपली, काखेत वर्तमानपत्रांचा गठ्ठा, आणि वाटेवर माणसं भरली तेव्हा, देवळात जावं तशा ताठ मानेने निघाल्या.

वाटेच्या तोंडाशी दबीर बंदीची नवी फळी ठोकून घेत होते. विशाखा ब्रूनोला घेऊन तावातावाने भांडत होती. आणखी कुत्रीवाले जमले होते. अनसूयाबाईंना पाहून सगळ्यांच्या माना वळल्या.

दबीर म्हणाले, "वहिनी, हे काय? हळदीकुंकवाला निघालात की झाडायला?"

"दोन्हीला," अनसूयाबाई म्हणाल्या, आणि पदर खोचून वाकल्या. पहिली घाण उचलली. कागदाची पुडी बांधली. अशी सफाईदार, की जशी काही प्रसादाची.

दबीर ओशाळले. "अहो, तुमच्यासारखीने हे करायचं? लोक काय म्हणतील? झाडूवाल्यांना सांगतो मी."

"झाडूवाल्यांनी कुत्री पाळली आहेत का, भाऊजी?"

कुणीतरी खुदकन हसलं. विशाखाला मात्र हसू आलं नाही. ती पुडीकडे बघत राहिली. तिच्या ध्यानात काहीतरी येत होतं. ती हळूच म्हणाली, "काकू, रोज सकाळी... तुम्हीच का?"

"मीच."

"का पण? हे कसलं व्रत तुमचं?"

अनसूयाबाई सरळ उभ्या राहिल्या. हा प्रश्न ऐकायला त्या किती महिने थांबल्या होत्या, ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "सांगते. पण ऐकून नुसतं 'वा वा' म्हणणार असशील, तर नाही सांगत."

"नाही म्हणणार."

मग त्यांनी सगळं सांगितलं. अप्पांचं दुखणं, खिडकीकडची पाठ, देवापुढे पसरलेला पदर, बुंदी. आवाज चढवला नाही, डोळे पुसले नाहीत. शेवटी म्हणाल्या, "हा नवस मी चोरासारखा फेडत बसले, ही माझी चूक. मी लपून उचलत राहिले आणि तुम्हाला उचलायची सवय राहिली नाही. आजपासून उघड उचलेन. आणि कुणाच्या बापाला भिणार नाही."

एवढ्यात मागून काठीचा आवाज आला. अप्पा होते. बायको ठेवणीतली साडी नेसून खराटा घेऊन गेली, हे पाहून त्यांच्याने घरी बसवलं नाही. बुंदीला घेऊन ते मागोमाग आले होते आणि शिरीषाखाली उभं राहून त्यांनी शब्द न् शब्द ऐकला होता.

आणि नेमकं त्याच वेळी, सगळ्यांच्या देखत, बंदीच्या फळीपुढेच, बुंदीने आपला विधी उरकला. जनावराला कुठली आली वेळ-काळ?

सगळे अनसूयाबाईंकडे बघू लागले. त्या कागद घेऊन पुढे झाल्या.

"थांब," अप्पा म्हणाले. "नवस तुझा आहे. कुत्री माझी आहे."

त्यांनी कागद मागून घेतला. काठी झाडाला टेकवली. एक हात बुंध्यावर ठेवला आणि हळूहळू वाकू लागले. पाय लटपटत होते. अनसूयाबाईंचा हात आपोआप पुढे गेला. पण त्यांनी तो आवरला आणि पदरात घट्ट धरून ठेवला. आयुष्यातलं सगळ्यात कठीण व्रत त्यांनी त्या घटकेला केलं, असं म्हटलं तर खोटं होणार नाही.

अप्पांनी घाण उचलली. क्षणभर तसेच राहिले. मग बुंध्याला धरून उठले, पूर्ण उठले, ताठ झाले. पुडी डब्यात टाकली आणि म्हणाले, "उठता येतं की. उगाच भीत होतो इतके दिवस."

"मला कधी बोलला नाहीत ते," अनसूयाबाई म्हणाल्या.

"तू तरी कुठे बोललीस?"

आता लोक मोकळेपणाने हसले. विशाखा पुढे आली, अनसूयाबाईंच्या काखेतल्या गठ्ठ्यातून चार कागद ओढून घेतले आणि ब्रूनोला म्हणाली, "चल राजा, कालचं तुझं कुठे आहे ते दाखव." तिच्या मागोमाग दुसऱ्यानेही कागद घेतला. मग तिसऱ्याने. एक गृहस्थ नाक धरून, दोन बोटांनी, भुवया वर करून उचलत होते. पण उचलत होते.

दबीरांच्या हातात हातोडा तसाच होता. त्यांनी एकदा फळीकडे पाहिलं, एकदा अप्पांकडे. मग खिळे खिशात टाकले आणि म्हणाले, "एवढा महिना बघू."

ती फळी कुणी ठोकली नाही, कुणी नेलीही नाही. करंजाखालच्या दोन दगडांवर ती आडवी पडून राहिली. तिच्यावर कुणी ना कुणी घरची जुनी वर्तमानपत्रं आणून ठेवायचं आणि उडू नयेत म्हणून वर दगड ठेवायचं. आजही ज्याला लागेल तो कागद घेतो. दबीर स्वतः दगड नीट ठेवून जातात. महिना कधीच उलटला, ते त्यांनी मोजलं नाही.

आणि अनसूयाबाई? त्या आता उजाडताना नाही, चांगलं ऊन पडल्यावर निघतात. उचलायला फारसं काही उरलेलं नसतं. अप्पा आणि बुंदी पुढे चालतात, त्या खराटा घेऊन मागून. नवीन कुणी विचारलं, "काकू, हा कसला वसा?" तर त्या थांबतात आणि पहिल्यापासून सांगतात. सांगून पुण्य आटत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तात्पर्य: चांगलं काम लपवून केलं तर ते एकट्याचं राहतं, ताठ मानेने चारचौघांत केलं तर ते चारचौघांचं होतं. तेव्हा ऐकणाऱ्यांनो, तुमच्याही दारापुढून एखादी वाट जात असेलच. तिच्यावर आपल्यापुरता एक नेम धरा, तो उघड पाळा, आणि कुणी विचारलं तर सांगायला लाजू नका.